वस्तीचं बारसं

नदीपल्याड, जांभुळखोरे, ता. पेठ
२० नोव्हेंबर २०२४

सौ. प्रतिभाताई यांना ज्योत्स्नाचा नमस्कार.

तुमचा फोन लागत नाय. भारतभाऊजी म्हणले, वहिनी, ताईनं तुमचा नंबर ब्लॉक केला असंल. म्हटलं करू द्या, पोस्टमनला कसं ब्लॉक करतील! नणंद म्हणून आजवर तुम्हाला काय मागितलं नाय. तुमचा भाऊ मला या पल्याडच्या खडकावर टाकून अंबडला कंपनीत गेला, तिथं दुसरी केली, तिला रुद्र झाला, मी तोंडातून ब्र काढला नाय. एकदा काढला होता, तो साऱ्या गल्लीनं ऐकला, पण ते सोडा.

आता काम पडलंय. खोऱ्याचा नकाशा काढायला नाशकाहून पोरं आली होती. तीन पायांचं मशीन, वर भणभण करणारं ड्रोन. माझ्या कोंबड्या दोन दिवस खुराड्यातून बाहेर आल्या नाय. नदी, ओहळ, डोंगर कुठं किती उंच, कुठली वस्ती कुठं, सगळं मोजून नेलं. वस्त्यांची नावं मात्र दारोदार फिरून नाय विचारली. पुंजारामच्या हॉटेलात भजी खात विचारली. आणि त्या पुंजारामनं, मेल्याच्या जिभेला काय हाड, सांगितलं की पल्याडची पाच घरं म्हणजे वांझेची वस्ती. पोरं हसली आणि लिहून घेतलं. त्यांच्या टी-शर्टावर तुमच्या कंपनीचं नाव होतं. भाऊजी म्हणले, नकाशावर नावं टाकायचं काम ताईकडंच असतं.

लोक म्हणतात, ते मला नवं नाय. एकटी होते तवा म्हणायचे, मजुरांची चार घरं आणून वसवली तरी म्हणतात. मी ऐकून न ऐकल्यासारखं करते. पण हा नकाशा शाळेच्या भिंतीवर रंगवणार हायेत. गुरुजींनी पाचवीच्या पोरांना काम दिलंय, आपल्या वस्तीचं नाव कसं पडलं ते घरी विचारून लिहून आणा. वैष्णवी पाचवीला हाय, ताई.

तिला मी सांगितलंय, वर एक आंबा होता, मोहोर यायचा पण फळ धरायचा नाय, त्याच्यावरून नाव पडलं. तिला वाटतं ती माझ्या पोटची हाय. झेंडू तोडायला आलेली बाई तिला माझ्या ओट्यावर ठेवून गेली आणि परत फिरकली नाय, हे तुम्हाला ठाऊक हाय, गावालाही ठाऊक हाय. पण मी एकेकाच्या पाया पडून तोंडं बंद ठेवलीत. या एका गोष्टीत गाव चांगलं निघालं, खोटं कशाला बोलू. पोरगी मोठी झाली की मीच सांगणार हाय, जवळ घेऊन, माझ्या तोंडानं. भिंतीवरचं वाचून तिला कळायला नको. एवढी एकच गोष्ट मला सांभाळायचीय.

नाव झेंडूवाडी करा. चारी बाजूंनी झेंडूच लावलाय, खोटं काय नाय त्यात.

तुमची वहिनी
ज्योत्स्ना


नाशिक
२ डिसेंबर २०२४

श्रीमती ज्योत्स्नावहिनी यांस,

पत्र मिळालं. अक्षर अजून तसंच आहे तुमचं, ओळीवरून घसरणारं. ब्लॉक वगैरे काही नाही हो, यांना घरी गावाकडचे फोन आवडत नाहीत एवढंच. पत्र याच ऑफिसच्या पत्त्यावर पाठवत जा.

तुमचं खोरं सध्या माझ्या कॉम्प्युटरवरच आहे. नकाशा फार सुंदर झालाय. नदी निळी, वस्त्या लाल, आणि सगळ्या डोंगराला तपकिरी रेघांची वेटोळी. अल्याडच्या वस्त्या कशा एकमेकींना चिकटून बसल्यात, आणि पल्याड तुमचा एकटा ठिपका. ड्रोनच्या फोटोत तुमचं अंगणसुद्धा दिसतं. दोन वेण्यांची एक मुलगी वर बघून हात हलवतेय. तीच का ती? मी फोटो मोठा करून बराच वेळ पाहिला. कुणावर गेलीय ते काही कळेना.

आता नावाचं. वहिनी, हे नाव मी ठेवलेलं नाही. आमचा नियम असा की आजूबाजूचे लोक जे म्हणतात तेच छापायचं. उद्या कुणीही उठून म्हणेल माझ्या घराला राजवाडा लिहा, म्हणून लिहायचं का? जानेवारीत फेरतपासणी आहे. तेव्हा गावातल्या तीन वेगवेगळ्या माणसांनी झेंडूवाडी म्हणून सांगितलं, तर शेवटची सही माझी आहे, मी बघेन. पण लोकांची तोंडं मी कशी वळवणार? ते तुमचं काम.

एक सांगू? राग मानू नका. नाव ऐकायला वाईट असेल, पण चुकीचं म्हणता येणार नाही. आमचं काम जे आहे ते दाखवायचं. मनाला लावून घेऊ नका. तब्येतीला जपा, या वयात एकट्या बाईचं कठीण असतं.

प्रतिभा


जांभुळखोरे
१५ डिसेंबर २०२४

प्रतिभाताई,

पाकिटावर 'श्रीमती' लिहिलंत. तुमचा भाऊ अजून जिता हाय ना अंबडला? का मला कळवायचं राहिलं? मी अजून सौभाग्यवती हाय बरं का, नवरा दुसरीकडं नांदत असला तरी. पोस्टमनपण हसला.

आणि नाव चुकीचं नाय म्हणता! ताई, तुमच्या लग्नाला किती वर्षं झाली? तुमच्याही घरात पाळणा हलला नाय. मी कधी तुमच्या सोसायटीच्या गेटवर पाटी लावायला आले का? तुम्हाला गावात अजून मॅडम म्हणतात आणि मला हे म्हणतात, कारण तुमच्याकडं नोकरी हाय आणि फ्लॅट हाय. लिहिलंय ते खोडणार नाय. तुम्ही माझ्या पोरीचा फोटो मोठा करून बघता, कुणावर गेलीय म्हणून. ती माझ्यावर गेलीय. चालणं बघा तिचं.

झालं. राग निघाला. आता कामाचं.

तीन माणसं पाहिजेत म्हणालात, मी सारं गाव उभं करते. घरोघर हिंडले. लताबाईनं लगेच हो म्हटलं, तिनंच तर वैष्णवीला पहिली आंघोळ घातली होती. बाकीचे म्हणतात, आम्ही ठरवलं तरी तोंडात जुनंच बसलंय, ऐनवेळी तेच येईल. पुंजाराम तर म्हणला, वहिनी, नाव काय असं कागद फिरवून बदलतं का? नाव ठेवावं लागतं, त्याची रीत असते.

ते ऐकलं आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. रीत असते ना? मग रीतीनं करू! मी वस्तीचं बारसं घालतेय. हसू नका. पाळणा बांधणार, पाळण्यात झेंडू भरणार, घुगऱ्या वाटणार, साऱ्या खोऱ्यातल्या बायका बोलावणार. चारचौघींत बारसं करून ठेवलेलं नाव कुणी मोडत नाय, हे तुम्हालाही माहीत हाय. पोराला नंतर काय का लाडानं म्हणेना, खरं नाव पाळण्यातलंच. तुमच्या आई म्हणत होत्या, पौषात कुणी बारसं करतं का? म्हटलं, सासूबाई, वस्तीला कसला पौष आणि कसला अधिक.

आता अडचण एकच. नाव ठेवायचा मान आत्याचा. वैष्णवीच्या बारशाला मी तुम्हाला निरोप धाडला होता. तुम्ही आला नाय. तिला आत्याशिवायच नाव ठेवलं, कानात लताबाईनं सांगितलं. बायका अजून म्हणतात, आत्या नव्हती, म्हणून पोर किरकिरी निघाली. ते राहू द्या. या बारशाला तरी या. १२ जानेवारी, रविवार हाय, तुमची सुट्टीच. आत्या म्हणून तुम्ही नाव घेतलंत तर गावात कुणाची टाप नाय वेगळं म्हणायची. साडी घेऊन ठेवलीय, आत्याच्या मानाची, जांभळी.

आणि त्या तपकिरी रेघा काय हायेत? आमच्या डोंगराला एवढ्या पायवाटा नायेत, पोरांना सांगा चुकलं म्हणून.

वाट बघते.
ज्योत्स्ना


नाशिक
२४ डिसेंबर २०२४

सौ. ज्योत्स्नावहिनी,

बघा, सौ. लिहिलं. खूश?

त्या पायवाटा नाहीत वहिनी, उंचीच्या रेघा आहेत. एका रेघेवरच्या सगळ्या जागा सारख्या उंचीवर. ऑफिसात तुमचं वाक्य वाचून दाखवलं, सगळे खूप हसले.

तुमच्या पत्रातलं बाकीचंही वाचलं. तुम्ही घायकुतीला आलाय, माणूस अशा वेळी काहीही लिहितो.

बारशाला येईन. आत्याचा मान आहे तर आलंच पाहिजे. झेंडूवाडी नाव पाळण्यापाशी मीच घेईन आणि नकाशावरही मीच टाकेन, शब्द देते. फक्त सगळं रीतीप्रमाणे करा. वस्तीला कान नसतात, तेव्हा कानात सांगायला तुमच्या मुलीला पाळण्याशेजारी बसवा. वस्तीची पोर म्हणून तिच्या कानात नाव सांगते. तिलाही आत्या मिळाल्यासारखं होईल.

प्रतिभा


झेंडूवाडी, जांभुळखोरे
२० जानेवारी २०२५

प्रतिभाताई,

वरचा पत्ता बघितला का! पहिल्यांदा लिहिलाय. लिहून पुन्हा वाचला.

तुमचे उपकार कसे फेडू? त्या दिवशी नदीतून चपला हातात घेऊन तुम्ही येताना दिसलात आणि माझं काळीज सुपाएवढं झालं. मी म्हटलं होतं, या बाईला पाषाणाचं काळीज हाय. चुकले मी. पाळणा हलवला काय, वैष्णवीला मांडीशी ओढून तिच्या कानात 'कुर्र' केलं काय, किती वेळ कानाशी लागून बोलत होतात! मग मोठ्यांदा 'झेंडूवाडी' म्हणालात आणि बायकांनी तुमच्या पाठीत धपाटे घातले, लताबाईनं जरा जोरातच घातला, तिच्या वतीनं मी माफी मागते. पुंजाराम घुगऱ्यांचा दुसरा द्रोण घेऊन म्हणला, आता झेंडूवाडीच. दोन दिवसांनी तुमची पोरं फेरतपासणीला आली तेव्हा साऱ्या गावानं एका तोंडानं तेच सांगितलं. हॉटेलातल्या गिऱ्हाईकानं सुद्धा.

पण ताई, एक विचारायचंय. त्या दिवसापासून वैष्णवीचं काय तरी बिनसलंय. बोलत नाय. जेवताना माझ्याकडं बघत बसते. संक्रांतीला हलव्याचे दागिने करून ठेवले होते, घातले नाय. दृष्ट काढली, मीठमोहऱ्या जाळल्या. पेठच्या डॉक्टरला दाखवली, तो म्हणला पोरगी ठणठणीत हाय. आणि सांगायला जीभ रेटत नाय, पण मला आई म्हणत नाय. 'ऐका ना' म्हणते. मी मुद्दाम हाक ऐकली नाय असं दाखवलं, म्हटलं चिडून तरी आई म्हणंल. तर जवळ येऊन पदर ओढला आणि म्हणाली, 'भाकर वाढता का?'

मला ती आजवर 'वाढ गं' म्हणायची. मी चुलीपाशी तोंड फिरवून रडले.

तुम्ही तिच्या कानात नावाशिवाय काय बोललात का? काय चेष्टा केली असंल, ती मनाला लावून बसली असंल. विचारलं तर ती म्हणते, आत्या नाव म्हणाली. तुम्ही कळवा. मला झोप नाय.

ज्योत्स्ना


नाशिक
२८ फेब्रुवारी २०२५

ज्योत्स्ना,

सोबत नकाशा पाठवलाय. नदीच्या पश्चिमेला बघ, पाचव्या रेघेच्या वर. झेंडूवाडी. ठसठशीत छापलंय. मी शब्द पाळला.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. हो, बोलले.

तुझं ते डिसेंबरचं पत्र माझ्या पर्समध्ये होतं. यांच्या हाती लागलं. यांनी माझ्या सासूबाईंना दिलं, त्यांनी मला जेवणाच्या टेबलावर, दिरासमोर, जावेसमोर ते मोठ्यानं वाचायला लावलं. पाळणा हलला नाही, तिथपर्यंत आले आणि थांबले, तर म्हणाल्या, वाच की पुढे, गावच्या बाईला कळतं ते आम्हालाही कळू दे. जाऊ तोंडाला पदर लावून हसत होती. सोसायटीच्या गेटवरच्या पाटीचं तुझं वाक्य आलं, तेव्हा सगळ्यात जास्त हसली.

नऊ वर्षं मी इंजेक्शनं घेतली. पोटाला जागा उरली नव्हती टोचायला. दोनदा राहिलं आणि दोनदा गेलं, कोणाला सांगितलं नाही, तिसऱ्या दिवशी ऑफिसला गेले. दत्तक घेऊ म्हटलं तर हे म्हणाले, दुसऱ्याचं रक्त घरात नको. आणि तू! तुला कोणी एक मजूर बाई ओट्यावर पोर ठेवून जाते, आणि तू एका रात्रीत आई होतेस! ना दवाखाना, ना रक्त, ना वेदना. ड्रोनच्या फोटोत ती पोरगी हसत होती ना, मी तो फोटो रोज उघडून बघायचे. मला वाटायचं, हे फुकटचं आहे. हिला हे फुकट मिळालंय.

म्हणून तिच्या कानात सांगितलं. तू हिची नाहीस. हिला मूल होत नाही, म्हणून लोक वांझेची वस्ती म्हणतात, आंब्यावरून नाही. तुझी आई तुला ओट्यावर टाकून गेली आणि परत आली नाही. अगदी हळू, कळेल अशा शब्दांत सांगितलं. आत्यानं कानात खरं तेच सांगायचं असतं. त्यात खोटं काय आहे ते दाखव.

तुला नाव हवं होतं, नाव मिळालं. साडी चांगली आहे, जांभळा मला शोभतो.

प्रतिभा


झेंडूवाडी
१६ मार्च २०२५

प्रतिभाआत्यास वैष्णवीचा सा. न.

तुमचं पाकीट मलाच मिळालं. पोस्टमनकाका कधी कधी पल्याडची पत्रं शाळेतच देतात. मी ते फोडलं. दुसऱ्याचं पत्र फोडू नये हे मला माहीत आहे, पण त्यात माझं होतं.

नकाशा आईला दिला. पत्र दिलं नाही, चुलीत घातलं. तिला वाटतं तुम्ही नुसता नकाशाच पाठवला. तिनं तो पत्र्याच्या भिंतीला लावला आणि आमच्या ठिपक्याला कुंकू लावलं. बाकीच्या चार घरांतल्या सगळ्यांना बोलावून दाखवला. तुमचं नाव घेऊन म्हणाली, आत्या असावी तर अशी. लताआजी पण तिथंच होती.

लताआजीला मी बारशानंतर लगेच जाऊन विचारलं होतं, खरं काय ते सांग. ती आधी खोटं बोलली, मग रडली, मग सगळं सांगितलं. मला ठेवून गेली त्या बाईच्या अंगात ताप होता आणि ती जाताना तीनदा मागे वळून बघत होती. म्हणजे टाकलं नव्हतं, ठेवलं होतं. तुम्ही टाकलं म्हणालात. लताआजी म्हणते, आई तेव्हा कोंबड्यांना दाणे टाकत होती, ती दाणे तसेच सोडून पळत आली आणि मला घेऊन दिवसभर खाली ठेवलंच नाही. म्हणून कोंबड्यांनी सगळं धान्य खाल्लं. हे तुमच्या पत्रात नव्हतं.

तुम्ही इंजेक्शनचं लिहिलंय ते वाचून मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. तुमच्या घरच्यांनी तसं हसायला नको होतं. आईनंही ते लिहायला नको होतं. पण ते भांडण तुमचं आणि तिचं होतं. मी तर पाळण्याशेजारी नवा परकर घालून बसले होते, मला आत्या येणार म्हणून मी आदल्या दिवसापासून खुशीत होते. तुम्ही मांडीवर ओढलंत तेव्हा तुमच्या साडीला छान वास येत होता.

गुरुजींच्या वहीत मी लिहिलं, आमच्या वस्तीचं नाव झेंडूच्या फुलांवरून पडलं. गुरुजींनी 'उत्तम' दिलं. भिंतीवर नकाशा रंगवून झालाय. आमच्या वर्गातली सगळी पोरं झेंडूवाडीच म्हणतात, त्यांना जुनं नाव आठवतच नाही.

आईला मी सांगणार नाही की मला कळलंय. ती म्हणते मी मोठी झाले की मला एक गोष्ट सांगायची आहे. तिनं ती सांगायची ठेवलीय, तर तिला सांगू दे. तेव्हा मी पहिल्यांदाच ऐकतेय असं दाखवीन. तुम्हीपण तिला कधी काही कळू देऊ नका. तुमच्याकडे माझं एवढंच मागणं आहे. परत बारशाला येऊ नका.

होळीपासून मी तिला पुन्हा आई म्हणायला लागले. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा तिच्या हातातली परात पडली. तिला वाटतं माझी दृष्ट उतरली. ती आता आधीसारखी हसते, फुलं तोडताना मोठ्यानं गाते.

पण आत्या, आधी मला आई म्हणताना काहीच करावं लागायचं नाही, ते आपोआप तोंडातून यायचं. आता प्रत्येक वेळी हाक मारायच्या आधी मला मनात एकदा ठरवावं लागतं.

वैष्णवी